वडिलांच्या पेनाची निब



वडिलांचे पार्कर ड्युओफोल्ड (ही जात १९२१ साली प्रथम निघाली) माझ्याच हातून फरशीवर पडले व निबेचे एक पाते वर वळले. पकडीने ते सरळ करू गेलो, तो सोन्यावर चरे उमटले! ३५ वर्षे मुलांना ‘घाई नको’ म्हणून बजावणारा मी! १४ कॅरट सोने पोलादाहून मऊ; वळते तसे सरळही होते, परंतु वारंवार वाकविल्यास चिरते. म्हणून निब गुळगुळीत काठीच्या गोलाईवर टेकवून नखाने किंचित किंचित दाबावी व प्रत्येक वेळी भिंगातून पाहावी. दोन्ही टोके समपातळीत यावयास हवीत. टोकावरील कठीण धातूचा मणी मात्र घासू नये. तो गेल्यास नवा बसविण्यास कसबी कारागीरच लागतो.

तीन संध्याकाळी खपलो. चरे गेले नाहीत, रेघही पूर्वीपेक्षा जाड उमटते. तरी आजचे हे टिपण त्याच पेनाने लिहिले आहे.