पायदळाची उखळी तोफ

या तोफेला आपल्या भाषेंत 'उखळी' कां म्हणतात, हें तिचें जुनें रूप पाहिल्यास सहज ध्यानांत येतें. आंखूड, रुंद तोंडाची आणि आकाशाकडे पाहणारी ती तोफ म्हणजे जणूं घरांतील उखळच. तटावरून किल्ल्याच्या आंत गोळे टाकण्यास ती उपयोगी पडे. परंतु शिपायानें बरोबर वाहून न्यावी, इतकी ती हलकी नव्हती.

पहिल्या महायुद्धांत दोन्ही बाजूंचीं सैन्यें खंदकांत शिरलीं, तेव्हां या शस्त्राची पुन्हां आठवण झाली. सरळ येणारी गोळी खंदकावरून निघून जाते. आंत पडतो तो वरून कोसळणारा गोळाच. १९१५ मध्यें विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज इंजिनियरानें एक साधी युक्ति काढली. एक गुळगुळीत नळी, तिच्या बुडाशीं एक टोकदार खिळा, खालीं लोखंडी बैठक आणि पुढें दोन पायांचा टेकू, एवढाच सरंजाम. तोंडांतून सोडलेला गोळा आपल्याच वजनानें घसरत जाऊन खिळ्यावर आपटतो, दारू पेटते आणि गोळा उडतो. धक्का सोसावयाचा तो जमिनीनें!

स्टोक्सचा गोळा हवेंत कोलांट्या खात जाई. ही उणीव फ्रान्समध्यें एडगर ब्रांत यानें दूर केली. त्यानें गोळ्याला निमुळता आकार व शेंपटीला पाती दिलीं. त्यामुळें नेम आणि पल्ला दोन्ही सुधारले. हा ब्रांत मूळचा लोखंडी नक्षीकामाचा कारागीर. पॅरिसमधील अज्ञात सैनिकाच्या समाधीवर १९२३ मध्यें जी अखंड ज्योत लावण्यांत आली, तिचें धातुकाम याच हातांचें होय.

पुढें याच तत्त्वावर मोठ्या तोफा झाल्या. रशियाची १९३८ च्या घडणीची १२० मिलिमीटरची तोफ त्यांत विशेष गाजली. तिचा गोळा सुमारें १६ किलोग्रॅमचा, पल्ला सहा किलोमीटरांच्या जवळपास, आणि स्वतःचें वजन मात्र ३०० किलोग्रॅमांहून कमी. जवळजवळ तितक्याच तोंडाच्या रशियन हॉवित्झर तोफेचें वजन सुमारें २,४५० किलोग्रॅम होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे फरक कळून येतो. टेकडीआड दडलेल्या पायदळाला आतां स्वतःचा तोफखाना मिळाला. १९४१ मध्यें रशियावर चालून गेलेल्या जर्मनांना तिचा असा तडाखा बसला कीं, त्यांनीं हस्तगत केलेल्या तोफा तर वापरल्याच, शिवाय त्यांची नक्कलही स्वतःच्या कारखान्यांत काढली. शत्रूकडून याहून मोठी पावती ती कोणती?

मात्र या गुणाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. जें शस्त्र बनविण्यास सोपें, लपविण्यास सोपें आणि चालविण्यास सोपें, तें खंदकापुरतें राहत नाहीं. १९९४ च्या ५ फेब्रुवारीस वेढ्यांत सांपडलेल्या साराजेव्हो शहरांत मार्काले येथील गजबजलेल्या बाजारांत १२० मिलिमीटरचा एकच गोळा येऊन पडला, आणि ६८ माणसें प्राणांस मुकलीं. तीं सैनिक म्हणून तेथें गेलीं नव्हतीं. बाजारहाटासाठीं गेलीं होतीं.

पॅरिसमधील ती ज्योत आजहि तेवत आहे. ती ज्याच्या नांवें तेवते तो निदान सैनिक तरी होता. बाजारांत पडलेल्यांसाठीं कोणती ज्योत लावावी, याचें उत्तर कोणत्याहि कारागिराजवळ नाहीं.