तुरीला भुंगा लागण्याआधी

 

सुगी उरकली. तूर घरात आली, हरभरा आला, ज्वारीची रास झाली. यंदा भाव काय मिळाला यावर पारावर रोज बोलणं चालतं. आम्ही आज विकलेल्या मालाबद्दल बोलणार नाही, घरात ठेवलेल्या दोन-चार पोत्यांबद्दल बोलणार आहोत. वर्षभर खायची तूर, पेरायला राखलेलं बी, आणि अडीअडचणीला विकू म्हणून मागं ठेवलेला एखादा कट्टा. या पोत्यांचा हिशोब कुणाच्या वहीत नसतो. श्रावणात पोत्यात हात घातला आणि हाताला पीठ लागलं, की तो तोटा कुणाच्या वाट्याला येतो हे तुम्हाला सांगायला नको. मग डाळ दुकानातून आणायची, आपण विकलेल्या तुरीचीच, आणि चढ्या भावानं.

गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, कीड येते कुठून? कुणी म्हणालं पावसाळी हवेनं, कुणी म्हणालं जुन्या पोत्यातून. दोन्ही खरं आहे. पण कडधान्याचा भुंगा बऱ्याचदा शेतातूनच सोबत येतो. शेंग वाळायला लागली की मादी तिच्यावर अंडी घालते. घरात आल्यावर दाण्यावर टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतो, ते अंडं. अळी दाण्याच्या आत शिरते, आतलं खाऊन मोठी होते आणि उबदार दिवसांत महिनाभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. तो पुन्हा अंडी घालतो. म्हणून मार्चमध्ये स्वच्छ दिसणारी तूर श्रावणापर्यंत चाळणीसारखी होते.

आपल्या आज्या-पणज्या काही गप्प बसल्या नव्हत्या. मुगाला, चवळीला राख चोळायच्या, कडुनिंबाचा पाला घालायच्या, डाळीला एरंडेल लावायच्या. थोड्या मालाला हे आजही चांगलं आहे. पण मधे एक वाईट सवय शिरली, गोळीची. ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी कापडात बांधून कोठीत टाकायची आणि त्याच खोलीत लेकरं झोपवायची. ओलावा लागला की त्या गोळीतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. त्याच्यावर उतारा नाही. ती बंद गोदामात, शिकलेल्या माणसांनी वापरायची वस्तू आहे. राहत्या घरात ती नकोच. यात आम्ही कुणाचं काही ऐकून घेत नाही.

मग करायचं काय? या प्रश्नावर आमच्याकडे हवाबंद पिशवीची गोष्ट निघाली. ही पिशवी पहिल्यांदा चवळीसाठी तयार झाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे संशोधक आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात शेतकऱ्यांबरोबर काम करत होते. तिथंही चवळीला भुंगा, तिथंही घरातला दाणा घरातच संपायचा. त्यांनी जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून बाहेरून विणलेलं पोतं चढवलं. प्रत्येक पिशवीचं तोंड वेगळं पिळून घट्ट बांधायचं. औषध नाही, पावडर नाही. आतले किडे श्वास घेऊन आतला प्राणवायू संपवतात, मग त्यांचं खाणं थांबतं आणि ते मरतात.

आमच्या बैठकीत हे सांगितल्यावर बाया हसल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीनं कीड मरते तर मग दुकानदार श्रीमंत का झाले, असं एकीनं विचारलं. पण कोपऱ्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, हे तर पेवच की!" त्यांच्या माहेरी पेवात ज्वारी भरायचे. पेव उघडलं की लगेच कुणाला आत उतरू द्यायचे नाहीत, आधी दिवा सोडायचे. दिवा विझला तर थांबायचं, कारण आत माणूस गुदमरून जीव जायचा. आत हवा उरत नाही, हे त्यांना ठाऊकच होतं. दिवाही विझतो आणि किडाही मरतो. आजींच्या त्या एका वाक्यानं जे झालं, ते आमच्या तासभराच्या बोलण्यानं झालं नव्हतं.

तरी पैसे घालायला कुणी तयार होईना, आणि ते बरोबरच आहे. साध्या पोत्यापेक्षा ही पिशवी बरीच महाग पडते. आफ्रिकेत, २००७ नंतर नायजर, नायजेरियासारख्या देशांत काम वाढलं तेव्हा, गावासमोर पिशवी भरायची आणि काही महिन्यांनी गावासमोरच उघडायची अशी रीत होती. आम्हीही तेच केलं. एकाच राशीतली तूर, अर्धी साध्या पोत्यात, अर्धी हवाबंद पिशवीत. दोन्ही ठेवली सगळ्यात जास्त हसणाऱ्या बाईच्या घरी. पाच महिन्यांनी अंगणात चादर अंथरून ओतली. साध्या पोत्यातून भुंगे चालत बाहेर आले. पिशवीच्या तुरीतही थोडे भुंगे होते, पण मेलेले, आणि दाणा टणक. बायांनी लगेच वरण लावलं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, तेही बहुतेक उगवले.

त्यानंतर सगळ्या गावानं पिशव्या घेतल्या असं समजू नका. पहिल्या वर्षी घेतल्या त्या बी राखणाऱ्या बायांनी, मग तुरीसाठी, हरभऱ्यासाठी. ज्वारीसाठी अजूनही पत्र्याची कोठीच आहे. लेकीच्या संसाराच्या भांड्यांत आलेली कोठी कोण टाकून देणार? ती नीट वापरली तर चांगलीच आहे. एकीनं पिशवीत लुगडी ठेवली, तीही सुरक्षित राहिली म्हणे! दुसरीनं दर आठवड्याला पिशवी उघडून डाळीपुरती तूर काढली. तोंड उघडलं की हवा आत जाते आणि सगळं मुसळ केरात. महिन्याभराची तूर एकदाच काढून डब्यात ठेवावी. उंदरानं भोक पाडलं तरी पिशवीचा उपयोग संपतो, म्हणून खाली फळी, भिंतीपासून हातभर लांब, आणि बाजूला पिंजरा. भोक नसेल तर एक पिशवी दोन-तीन सुगी चालते.

आणि वाळवण. यात घाई केली तर पिशवीत बुरशी धरते. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, दबला तर अजून ऊन द्यायचं. शंका असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत थोडे दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला आहे.

आता खरी अडचण. एक बाई म्हणाली, "पिशवी आणते, पण त्यात भरायला तूर राहू द्या की! दुकानदाराची उधारी दारात उभी आहे." तिचं चुकलं नाही. रास झाली की आठ दिवसांत माल आडतीवर जातो, कारण देणी थांबत नाहीत. म्हणून आमच्या दोन गटांनी ठरवलं, सुगीच्या महिन्यात अंतर्गत कर्ज आधी याच कामाला द्यायचं. दोन कट्टे मागं ठेवणाऱ्या बाईची उधारी गटाच्या पैशातून भागवायची, माल विकल्यावर तिनं परत करायची. पुढं भाव वाढतोच असं नाही, हेही कर्ज देताना स्पष्ट सांगतो. खायचं आणि बियाण्याचं राखायचंच, विकायचं किती ठेवायचं ते प्रत्येकीनं घरात बोलून ठरवायचं. माल जास्त असेल तर बाजार समितीची शेतमाल तारण कर्ज योजना आहे, १९९०-९१ पासून. माल गोदामात ठेवून त्याच्यावर कर्ज मिळतं. सातबारा कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न तिथं येतोच. नियम समितीत जाऊन दोघी-तिघींनी मिळून विचारावेत, एकटीनं जाऊ नये.

यंदाच्या पिशव्या गटातर्फे एकत्र मागवतोय. तालुक्याच्या दुकानात नेहमी मिळत नाहीत. ज्यांना हव्यात त्यांनी पुढच्या बैठकीत नाव सांगा. आणि मागच्या सुगीत बांधलेली एक पिशवी आम्ही मुद्दाम अजून उघडलेली नाही. ती त्याच बैठकीत सगळ्यांसमोर उघडू. येताना आपल्या घरच्या पोत्यातली मूठभर जुनी तूर घेऊन या, शेजारी शेजारी ठेवून बघू.