बाबासाहेबांचा विषय आणि परदेशी शिष्यवृत्ती

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणावरून)



आज मी शिष्यवृत्तीच्या एका नियमाबद्दल बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण तो आपल्या घरातला आहे.

अनुसूचित जातींच्या गरीब विद्यार्थ्यांना परदेशात शिकायला पाठवण्याची केंद्र सरकारची योजना १९५४-५५ पासून आहे. १९९० साली बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, तेव्हा हे दार आपल्यालाही उघडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने या योजनेत नवी अट घातली. त्या वर्षी जागा सगळ्या देशात मिळून १२५, पैकी ११५ अनुसूचित जातींना. अट अशी, की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज या विषयांच्या अभ्यासाला पैसा मिळणार नाही. इंजिनिअरिंगला हरकत नाही. जातीवर संशोधन करायचे तर मात्र आपल्या खिशातून करा! आणि खिसा कुणाचा? वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घराचा.

सरकारचे म्हणणे असे, की या विषयांची साधने व जाणकार इथेच आहेत, मग बाहेर कशाला जायचे? वरवर पटते. म्हणून बाबासाहेबांचे शिक्षण जरा तपासून बघू. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे मे १९१६ मध्ये त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर. पीएच.डी.चा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर. पुढे लंडनला डी.एस्सी. केली ती रुपयाच्या प्रश्नावर. सगळे विषय इथलेच! २०२२ ची अट तेव्हा असती, तर जातींवरचा तो अभ्यास पहिल्याच टेबलावर अडला असता. आणि साधनांचेच म्हणाल, तर इंडिया ऑफिसचे दप्तर आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. जाणकारांचे म्हणाल, तर जातीवर प्रबंध लिहायचा म्हटल्यावर गाईड मिळवताना काय होते, ते आपल्याच मुलांना विचारा.

आपणही पोराने आर्ट्स घेतले की 'वाया गेला' म्हणतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

वस्तीतली जी मुले-मुली एम.ए. करताहेत, त्यांनी अर्ज करण्याआधी त्या वर्षीची नियमावली स्वतः वाचावी आणि संशोधनाचा विषय तिच्याशी ताडून बघावा. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिचीही समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. कागदपत्रांना, विशेषतः जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो, तेव्हा ते आतापासून काढून ठेवा.

जयभीम!