नाडी, पट्टा आणि मनगटी घड्याळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी व्यायामवर्गाच्या शिक्षिकेने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषयही त्यांनीच नेमून दिला आहे. व्यायाम करताना हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र घ्यायचे तर कोणते घ्यावे? वर्षभरात हा प्रश्न मला निदान तीस जणींनी तरी विचारला असेल. कुणाला मुलाने परदेशातून घड्याळ पाठविले आहे, कुणाला सुनेने वाढदिवसाला दिले आहे आणि ते मनगटावर बांधून आपण नक्की काय पाहायचे हे मात्र कुणी सांगितलेले नाही. त्यात आता कार्यकारिणीपुढे पंचवीस घड्याळे एकदम, घाऊक सवलतीत घेण्याची सूचना आली आहे. तिला माझा विरोध आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई आडून आडून बोलल्या असे मागाहून कुणी म्हणायला नको.

आपल्याकडे नाडी पाहणे काही नवे नाही. वैद्य तीन बोटे ठेवून नाडी पाहत, आणि स्त्रियांची डाव्या हाताची पाहत. पण ती एका मिनिटात किती पडते हे घड्याळ लावून मोजण्याची रीत पुष्कळ नंतरची. इंग्लंडातील जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरांनी १७०७ साली खास नाडी मोजण्यासाठी केलेल्या घड्याळावर पुस्तकच लिहिले. पुढे हॉलंडच्या विलेम आइन्थोव्हेन ह्यांनी हृदयातील विजेच्या सूक्ष्म लहरी कागदावर उमटविण्याचे यंत्र सिद्ध केले आणि त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या यंत्रासाठी रोग्याला हात आणि पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसावे लागे! वीज त्वचेतून तारेपर्यंत यायची तर मध्ये ओलावा हवा, एवढेच त्याचे कारण. ही भांडी ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आजची यंत्रे दोन जातींची आहेत. एक वीज ऐकते, दुसरे उजेड पाहते. हा फरक एकदा कळला की दुकानदार काय सांगतो ह्याची फारशी फिकीर करण्याचे कारण उरत नाही.

वीज ऐकणारा तो छातीचा पट्टा. फिनलंडमध्ये १९७७ साली पोलार नावाची कंपनी निघाली आणि तिने १९८२ साली बिनतारी पट्टा बाजारात आणला. पट्टा छातीवर आणि आकडा मनगटावर, अशी ती सोय. मूळ गरज होती बर्फावर घसरत शर्यती करणाऱ्या खेळाडूंची. तोच पट्टा आता फोनशीही जोडता येतो. तो छातीच्या खाली, बॉडीच्या इलॅस्टिकच्या लगेच खाली, नीट घट्ट बसवावा लागतो आणि लावण्यापूर्वी आतली बाजू पाण्याने ओली करावी लागते. आइन्थोव्हेनसाहेबांच्या भांड्यांचे काम इथे चार थेंब करतात. पुष्कळजणी कोरडाच लावतात आणि मग पट्टा खोटे बोलतो म्हणतात. वयाबरोबर आपली त्वचा कोरडी होते, त्यामुळे साठीच्या पुढच्यांनी तर हे विसरूच नये. हिवाळ्यात अंगात नायलॉनचे कपडे असले तर त्यांच्या घर्षणाच्या विजेनेही आकडा उगाच उसळतो. सुती घाला.

दुसरे मनगटी घड्याळ. त्याच्या पाठीला हिरवे दिवे लुकलुकतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढले की परत येणारा उजेड किंचित कमी होतो, आणि ह्या कमीजास्तावरून घड्याळ ठोके मोजते. युक्ती खरोखर सुंदर आहे. पण ती उजेडावर अवलंबून, म्हणून जे जे उजेडाच्या आड येते ते सर्व तिच्या आड येते. सैल पट्टा, घाम, गारठलेला हात. गोंदणसुद्धा! मनगटावर गडद गोंदण असेल तर आकडा चुकू शकतो, हे कंपन्याच आपल्या माहितीपत्रकात लिहितात.

आणि बांगड्या. ही घड्याळे ज्यांनी काढली त्यांच्या घरात दोन डझन बांगड्या घालणारे कुणी नसावे. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर हवे, आणि आपल्याकडे ती जागा शतकानुशतके आधीच भरलेली आहे. बांगडीचा धक्का लागला की घड्याळ हलते, आत बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडा भलतीकडे जातो. बांगड्या काढा असे मी कुणालाही सांगणार नाही. घड्याळ त्यांच्या वर, कोपराच्या बाजूला चढवा आणि व्यायामापुरते एक भोक घट्ट करा. नाहीतर ह्याच उजेडाच्या युक्तीचा दंडावर बांधायचा पट्टा मिळतो, तो घ्या. दंडावर मांस जास्त, हालचाल कमी, त्यामुळे तो मनगटापेक्षा भरवशाचा असतो.

व्यायाम कोणता, ह्यावरही पुष्कळ आहे. सरळ चालण्याला मनगटी घड्याळ ठीक. सूर्यनमस्कारात मनगट दुमडते, त्यावर अंगाचा भार येतो, तिथे ते गडबडते. फुगडीत तर विचारूच नका. हात एकमेकींच्या पकडीत, झोका जोराचा, आणि घड्याळ कधी कधी हृदयाचे ठोके सोडून हातापायांच्या हालचालीचाच ताल मोजू लागते. मंगळागौरीच्या तालमीत आमच्या एका मैत्रिणीचे घड्याळ ११० दाखवीत होते, तेव्हाच छातीच्या पट्ट्यावर १४६ होते. वय ५८. हा फरक लहान नाही.

आता हे ११० किंवा १४६ कशाशी ताडून पाहायचे? घड्याळ तुमचे वय विचारते आणि बहुधा २२० मधून ते वजा करून हृदयाची कमाल गती धरते. हे सूत्र सोपे आहे म्हणून टिकले. माणसामाणसांत दहाबारा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय असल्या मोजमापांत बरीच वर्षे पुरुषांचीच गणती अधिक. डॉ. मार्था गुलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोच्या परिसरातील ५,४३७ निरोगी स्त्रियांची तपासणी करून २०१० साली स्त्रियांसाठी वेगळे सूत्र मांडले: वयाला ०.८८ ने गुणा आणि २०६ मधून वजा करा. साठीच्या बाईची कमाल गती जुन्या हिशेबाने १६०, ह्या हिशेबाने १५३. मध्यम व्यायाम म्हणजे कमाल गतीच्या साधारण ६४ ते ७६ टक्के, म्हणजे तिच्यासाठी ९८ ते ११६. जुन्या हिशेबावर चालणारे घड्याळ तिला १०२ ते १२२ मध्ये पळवील. तेव्हा घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा, की कमाल गतीचा आकडा मला स्वतःच्या हाताने बदलता येतो का? ‘नाही’ म्हणाला तर पुढे चला.

पण रक्तदाबासाठी ज्या मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारख्या गोळ्या घेतात, त्यांना ही दोन्ही सूत्रे निरुपयोगी आहेत. ह्या गोळ्यांचे कामच ठोके आवरून धरण्याचे आहे. अशा बाईची नाडी दमछाक झाली तरी १०० च्या वर जाईलच असे नाही, आणि घड्याळ तिला ‘आणखी जोर लावा’ म्हणत राहते. आपल्या वर्गात अशा अकराजणी आहेत. मी स्वतः विचारून मोजल्या. त्यांनी आकडा बाजूला ठेवावा आणि बोलून पाहावे: चालताना वाक्य पुरे बोलता येते पण गाता येत नाही, एवढा जोर मध्यम. वाक्यही तुटू लागले तर पाऊल आवरावे. झिम्मा खेळताना आपण गातच असतो, म्हणजे ही परीक्षा आपोआपच होते!

ह्याच ठिकाणी मला गेल्या पावसाळ्यातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्यांची ती आहे त्यांनी सांगायला परवानगी दिली आहे. सकाळच्या वर्गात एक ताई नेहमीपेक्षा लवकर खाली बसल्या. जबडा दुखतो, मळमळते, पाठीत भरून आल्यासारखे वाटते म्हणाल्या. शेजारणीने त्यांचे घड्याळ पाहिले. ठोके ८४. घड्याळावर हृदयाचे छोटे चित्र आणि ‘सर्व ठीक’ अशा अर्थाची हिरवी खूण. ताई म्हणाल्या, “बघा, ठीकच आहे, पित्त असेल, मी घरी जाते.” त्यांना जाऊ दिले नाही. दोघींनी रिक्षात घालून थेट इस्पितळात नेले. हृदयविकाराचा झटका निघाला, त्याच दिवशी स्टेंट घातला. आज त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि हे भाषण लांबले म्हणून माझ्याकडे डोळे वटारीत आहेत.

त्यांचे घड्याळ बिघडलेले नव्हते. ठोके खरोखरच ८४ होते. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आला म्हणजे ठोक्यांचा आकडा बदलतोच असे नाही, आणि मनगटी घड्याळाला तो अडथळा दिसत नाही. काही महाग घड्याळांत हृदयाचा आलेख काढण्याची सोय असते. ॲपलने ती २०१८ साली आणली. ठोक्यांची एक विशिष्ट अनियमितता ओळखायला तिचा उपयोग होतो, पण हृदयविकाराचा झटका तिने ओळखता येत नाही, असे ती कंपनीच स्पष्ट सांगते. स्त्रियांत छातीत कळ येण्याबरोबर, कधी तिच्यावाचूनही, दम लागणे, जबडा किंवा पाठ दुखणे, मळमळ, न समजणारा थकवा अशी लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक आढळतात. तशी लक्षणे असली तर मनगटाकडे पाहायचेच नाही. १०८ ला फोन करायचा.

पंचवीस घड्याळांना माझा विरोध आहे तो ह्यामुळे. ज्या सवलतीच्या घड्याळांची जाहिरात आपल्याला आली, तिच्यात रक्तातील साखरही सुई न टोचता कळेल असे छापले आहे. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना सूचना दिली की, सुईवाचून साखर मोजल्याचा दावा करणारे असे घड्याळ वा अंगठी वापरू नका. त्या खात्याने एकालाही मान्यता दिलेली नव्हती. इन्सुलिन घेणारी बाई तसल्या आकड्यावर विसंबली तर काय होईल, ते सांगायला नको. ज्या जाहिरातीत हे आहे, त्या जाहिरातीच्या ठोक्यांवर तरी मी का विश्वास ठेवू?

‘कॅलरी’चा आकडाही सोडून द्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात मनगटी यंत्रे तपासली. सातांपैकी सहांचे ठोके बऱ्यापैकी बरोबर निघाले, पण खर्च झालेल्या शक्तीचा अंदाज सर्वांत चांगल्या यंत्राचाही सरासरी २७ टक्क्यांनी चुकला. तेव्हा घड्याळाने तीनशे कॅलरी गेल्या म्हटले म्हणून श्रीखंडाची दुसरी वाटी घेऊ नये. घ्यायची तर खुशाल घ्या, घड्याळाचे नाव सांगून नको!

पावलांचे थोडे बोलते. दहा हजार पावलांचा आकडा कुण्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. जपानात १९६५ च्या सुमारास निघालेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो आला. हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली ह्यांनी २०१९ साली सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात दिवसाला ४,४०० पावले चालणाऱ्यांतसुद्धा २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले, आणि ७,५०० च्या आसपास तो फायदा वाढायचा थांबला. मनगटी घड्याळ कणीक मळतानाही कधी पावले मोजते आणि भाजीची पिशवी धरून चालताना मोजायचे विसरते, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

मग घ्यावे काय? रोज नुसते चालायचे असेल तर नवे काही घेऊ नका. २०२०–२१ च्या साथीत घरोघर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, ते आता औषधांच्या डब्याच्या तळाशी पडलेले आहेत. त्यांत प्राणवायूच्या आकड्याशेजारी नाडीचाही आकडा असतो. चालून आल्यावर हात स्थिर ठेवून, नखाला रंग नसेल अशा बोटाला लावा. तेही नसेल तर मनगटावर दोन बोटे, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणा. ज्या तरुण मुली धावतात, सायकल मारतात, त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा. ज्यांना घड्याळ हौसेने हवे आहे त्यांनी ते जरूर घ्यावे, हौसेला कुणाचीच ना नाही. मात्र आधी मैत्रिणीचे दोन दिवस वापरून पाहा, अक्षरे चष्म्याशिवाय वाचता येतात का ते बघा, आणि फोनमधल्या त्या कार्यक्रमाने मासिक पाळीची माहिती विचारली तर ती देणे सक्तीचे नाही हे मुलींना सांगा.

मंडळासाठी माझी सूचना अशी: तीन छातीचे पट्टे आणि दोन दंडाचे घ्यावेत आणि ते वर्गात आळीपाळीने वापरावेत. वर्षातून चारदा प्रत्येकीने आपले घड्याळ पट्ट्याशी ताडून पाहिले म्हणजे तिच्या घड्याळाचा खोटेपणा किती, हे तिचे तिला कळेल. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी कुठलाही पट्टा लावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. खजिनदारबाईंनी हिशेब केला आहे. पंचवीस घड्याळांच्या निम्म्याहून कमी पैशांत हे बसते, आणि उरलेल्या रकमेत तळमजल्याच्या जिन्याला कठडा होईल. तो गेली तीन वर्षे राहिला आहे.

सूचना मंजूर झाली तर पट्टे माझ्या कपाटात राहतील. वापरल्यावर कापडी भाग साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळत घालायचा, आणि मधली डबी काढून ठेवायची, नाहीतर तिची बॅटरी फुकट उतरते. सोमवारी वर्गाला येताना प्रत्येकीने आपल्या औषधांची चिठ्ठी आणावी. नावे मी वहीत लिहून घेणार आहे.