रोजचे एक पान
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात देवपूर येथे केलेले भाषण)





मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. एका पावसाळ्यात नववीच्या वर्गाला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध लिहायला दिला. ४३ वह्या आल्या आणि जवळजवळ सर्व वह्यांत मोर नाचत होता. डोंगरांनी हिरवा शालू नेसला होता, बळीराजा सुखावला होता. देवपुरात मोर कोणी पाहिला, असे मी विचारले तेव्हा सारा वर्ग हसला. पांझरेला पाणी आले की लहान पुलावरची ये-जा थांबते, पलीकडे कामाला गेलेले अब्बा मोठ्या पुलाने वळसा घालून उशिरा घरी येतात, आणि हीच मुले काठावर उभी राहून तासन् तास गढूळ पाणी पाहत असतात. ते पाणी एकाही वहीत नव्हते. मोर गाईडातून आला होता.

दोष मुलांचा नाही. गाईडातले वाक्य बिनचूक असते, त्यावर लाल शाई पडत नाही. स्वतःचे वाक्य लिहिले की ऱ्हस्व-दीर्घ चुकते, ‘ती दूध’ होते, आणि आम्ही शिक्षक लगेच गोल काढतो. मग शहाणे मूल स्वतःचे वाक्य लिहिणे सोडून देते. परीक्षेपुरते गुण त्याला मिळतातही. परंतु दहावी झाल्यावर साधा अर्ज लिहायचा असला, की तेच मूल दुसऱ्याकडे कागद घेऊन जाते. असे तरुण तुमच्या माझ्या घरात आहेत.

म्हणून त्याच वर्षी मी एक वही सुरू केली. तिला आम्ही रोजनामचा म्हणतो. हा शब्द मुलांना घरूनच ठाऊक असतो, दुकानदाराच्या मुलाला तर अधिकच. नियम थोडे आहेत. तासाची शेवटची दहा मिनिटे लिहायचे. आज जे पाहिले, ऐकले, मनात आले ते लिहायचे. मी चुका सुधारणार नाही. शब्द अडला तर तो उर्दूत लिहावा, अहिराणीत लिहावा, पण थांबू नये. जे पान मी वाचू नये असे वाटते ते आत दुमडून ठेवावे. दुमडलेले पान मी उघडत नाही.

यातून एक गंमत झाली, ती माझ्या डोक्यातून निघालेली नव्हती. एका मुलाने वही दोन्ही बाजूंनी सुरू केली. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून. जे ज्या भाषेत सुचेल ते त्या बाजूला. बघता बघता निम्म्या वर्गाने तसेच केले. जूनमध्ये उर्दूची बाजू जाड होती, दिवाळीनंतर मराठीची बाजू वाढू लागली. मराठीचा शिक्षक म्हणून मला त्याचा आनंद झाला हे कबूल करतो. पण उर्दूची पाने कमी झाली असती तर तो आनंद टिकला नसता. तीही वाढतच होती.

घरच्या भाषेत लिहिणे हलके आहे असे पालकांपैकी कोणाला वाटत असेल, तर त्यांना बाबराची आठवण करून देतो. त्या काळी दरबारी लेखनात फारसीला मान होता, आणि बाबराला फारसी चांगली येत होती. तरीही स्वतःची हकीकत त्याने आपल्या चगताई तुर्कीत लिहिली. लढायांबरोबर त्याने हिंदुस्थानातले आंबे, फुले, पक्षी आणि इथला उकाडाही लिहिला. आमच्या खानदेशातच बघा. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी जे रचले, ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आणखी एका नातलगाने टिपून ठेवले, म्हणून १९५२ साली त्याचे पुस्तक निघाले. ते कागद नसते तर आज आपल्या हाती काय राहिले असते? आपल्या आजी-नानी ज्या बोलीत बोलून गेल्या, ती कोणी टिपली आहे काय?

‘सर, काय लिहू?’ हा प्रश्न पहिल्या महिन्यात दररोज येतो. त्यावर मी मौलाना आझादांची गोष्ट सांगतो. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना अटक झाली आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी आपले स्नेही नवाब हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहिली. त्यांत पहाटेच्या चहाविषयी आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेल्या झगड्याविषयी आणि मग दोस्तीविषयी आहे. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली, आणि ते किल्ल्यातच होते. तेही त्यांत आहे. १९४६ साली ही पत्रे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. एवढा मोठा विद्वान चिमणीवर लिहू शकतो, तर तू तुमच्या गल्लीतल्या बकरीवर लिही, असे मी म्हणतो. कोणाला तरी उद्देशून लिही, ते पाठवले नाही तरी चालेल. त्यानंतर बहुतेकांचा हात सुटतो.

मुलांना लिहा म्हणणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे, हे मी अमळनेरकडून शिकलो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचे दैनिक लिहून काढीत. पुढे १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा रविवार प्रवचने दिली, ती उतरवून घेणारा हातही गुरुजींचाच. माझी तेवढी ताकद नाही. पण त्या दहा मिनिटांत मी हजेरीपत्रक भरत नाही, माझी वही लिहितो. मुले चोरून पाहतात, सर खरेच लिहितात की नाही.

आता माझ्या चुकीविषयी, कारण आज बोलायला उभा राहिलो तो त्यासाठीच. एका मुलीने एक पान लिहिले होते. भावाची फी भरण्यासाठी अम्मीने बांगड्या गहाण ठेवल्या, आणि ईदच्या दिवशी अम्मी हात ओढणीत लपवून पाहुण्यांना शीरखुर्मा देत होती. पान दुमडलेले नव्हते. मला ते इतके आवडले, की मी दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्याने वाचले. नाव घेतले नाही, पण वर्गाला कळायला नाव लागत नाही. संध्याकाळपर्यंत गोष्ट मोहल्ल्यात गेली. तिसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘मास्टरसाहेब, मुलीला लिहायला शिकवा, आमचे घर उघडायला शिकवू नका.’

मी त्यांची माफी मागितली, नंतर वर्गासमोर त्या मुलीचीही. त्यानंतर कित्येक आठवडे तिच्या वहीत फक्त फळ्यावरचे सुविचार उतरवलेले असत. फेब्रुवारीत एके दिवशी एक पान दुमडलेले दिसले. आत काय आहे मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी मला बरे वाटले.

ती भीती केवळ त्या गृहस्थांची नाही, आपल्या सर्वांची आहे, आणि ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण पालकहो, तुम्हाला एक विचारतो. हीच मुले मोबाईलवर स्टेटस लावतात, ते शंभर लोक पाहतात, त्याची आपल्याला एवढी धास्ती नसते. आणि दप्तरातली एक वही सापडली की आपण ती उघडून चौकशी सुरू करतो. त्या संध्याकाळपासून मूल खोटे लिहू लागते. वही मागू नका. त्याने आपण होऊन वाचून दाखवली तर ऐका, आणि अक्षराला नावे ठेवू नका.

मुलींच्या बाबतीत ‘तिला लिहून काय करायचे आहे’ असे अजूनही ऐकू येते. गुलबदन बेगम ही बाबराची मुलगी. भाचा अकबर याने विनंती केल्यावरून तिने उतारवयात ‘हुमायूननामा’ लिहिला. जनानखान्यातली माणसे, लग्ने, मरणे, पळापळ हे तिने लिहिले नसते तर दरबारी इतिहासकाराकडून आपल्याला कळले नसते. त्याची एकच हस्तलिखित प्रत आज ठाऊक आहे, तीही मध्येच तुटते. आणि १८५५ साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलीने स्वतःच्या लोकांबद्दल लिहिलेले ते पान आजही वाचले जाते. तिच्यासमोर गाईड नव्हते.

या वहीने गुण वाढतात काय, असे मला विचारतात. काहींचे वाढले, काहींचे होते तेवढेच राहिले. शुद्धलेखनाचा तास मी वेगळा घेतो, तेथे लाल शाई आहेच.

विद्यार्थी मित्रांनो, आजवर हे नववीपुरते होते. पुढील सोमवारपासून आठवीचा वर्गही सुरू करीत आहे. शंभर पानांची साधी वही आणा, चौकटीची नको. ज्यांना नवी घेणे जड जाईल त्यांनी गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढून आणावीत, दाभण आणि दोरा मी आणतो, मधल्या सुट्टीत आपण शिवून घेऊ. वहीवर नाव घालायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.