बऱ्हाणपूर पाहताना

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीने बऱ्हाणपुरात उतरलात, की बहुतेक जण तुम्हांला थेट शाही किल्ल्यावर नेतील. माझे सुचवणे असे, की आधी शहराबाहेरचा कुंडी भंडारा पाहावा. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, मोटेवाचून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची ही योजना. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान याने ती सिद्धीस नेली. शंभरावर कुंड्या एका ओळीत आहेत. पाणी गाळून पिण्याचा संस्कार असलेल्या माझ्यासारख्या जैनाला डोंगराने गाळलेले हे पाणी आपलेसे वाटते. मात्र कुंडीत वाकून पाहाल तेव्हा एवढे मनात आणा : त्या अंधारात, कोंदट हवेत कुदळ चालवणाऱ्यांच्या छातीचे काय झाले असेल?

मग किल्ल्यात या. तापीकाठच्या हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते. याच शहरात १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. वय ३८. साम्राज्याचे सारे वैभव हाताशी होते. वैद्यकी करणाऱ्या मला तेथे प्रेमकथेच्या आधी चौदा बाळंतपणांनी शिणलेली एक बाई दिसते. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला तात्पुरते दफन केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात देह आग्र्याला नेला. ताजमहाल पाहिलेल्यांनी हा पडका आहुखानाही पाहावा.

दुपारी मागांच्या गल्ल्यांत शिरा. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने येथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते असे नोंदवले. येथली जरही नावाजलेली. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती पोलादी पट्टीच्या छिद्रांतून ओढत केसासारखी बारीक करायची, मग चपटी करून रेशमावर गुंडाळायची. डोळ्यांची परीक्षा पाहणारे काम!

आज गल्ल्यांत यंत्रमागांचा खडखडाट असतो. दहा मिनिटांत आपले कान बधिरतात. कारागीर पाळीभर तेथेच उभा असतो आणि सुताची धूळ त्याच्या छातीत जात राहते. त्याला कापडाचा भाव जरूर विचारा. पण त्याआधी खोकला किती दिवसांचा आहे, कान वाजतात का, हेही विचारा. जुन्या वास्तू राखायला सरकारचे खाते आहे. मागावरच्या माणसाची विचारपूस कोणाही पाहुण्याला करता येते.