रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या मेळाव्यात आज आम्ही माशांची गोष्ट सांगणार आहोत. हसू नका. गोष्ट माशांची असली तरी मुद्दा आकड्यांचा आहे. पैसेवारीचा एक आकडा चुकला तर गावाचे काय होते, हे कोरडवाहू शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही.

या शास्त्रज्ञाचे नाव डॅनिएल पॉली. जन्म १९४६, पॅरिसचा. आई फ्रेंच, वडील आफ्रिकी वंशाचे अमेरिकन सैनिक. बालपण स्वित्झर्लंडमध्ये परक्या घरी नोकरासारखे राबण्यात गेले. तिथून निघून जर्मनीत आले, कष्ट करून शिकले आणि कील विद्यापीठात मत्स्यशास्त्राचे डॉक्टर झाले. युरोपात सुखाची नोकरी धरण्याऐवजी त्यांनी काम निवडले ते गरीब, उष्ण देशांतले. आधी घाना, मग इंडोनेशिया आणि १९७९ पासून फिलिपिन्समधले मनिला.

तिथे पहिली अडचण उभी राहिली. समुद्रातून किती मासे काढावेत हे ठरवायचे तर मासा किती वेगाने वाढतो आणि किती मरतात हे कळायला हवे. थंड देशांत माशाच्या कानातल्या हाडावर झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वळी दिसतात. ती मोजली की वय कळते. उष्ण समुद्रात कडक हिवाळाच नाही, त्यामुळे ही वळी नीट उमटत नाहीत. मग इकडच्या देशांनी काय करायचे? पॉलींनी सांगितले, फूटपट्टी घ्या. दर महिन्याला बाजारात जाऊन शेकडो मासे मोजा. एका वेळी जन्मलेल्या माशांचा घोळका महिन्यागणिक लांबीत पुढे सरकताना दिसतो. त्यावरून वाढ काढता येते. हा हिशेब छोट्या संगणकावर करण्याची रीत त्यांनी १९८० च्या सुमारास बसवली. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतल्या आणि मुंबईला वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतल्या अभ्यासकांनीही ती वापरली. सहकारी रायनर फ्रोझ यांच्यासह उभारलेल्या 'फिशबेस' या माहितीसंग्रहात आज तीस हजारांवर जातींच्या माशांची माहिती कोणालाही फुकट मिळते.

१९९४ साली पॉली कॅनडातल्या व्हँकुव्हरला गेले. १९९५ मध्ये त्यांनी जेमतेम एका पानाचा लेख लिहिला. मुद्दा साधा होता. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहते तेच मूळचे मानते आणि घट मोजते ती तिथून. डेन्मार्क-स्वीडनमधल्या समुद्रात १९२० च्या दशकात त्यांच्या एका सहकाऱ्याचे आजोबा वैतागत, कारण बांगड्याच्या जाळ्यात भलेमोठे ट्यूना अडकत आणि त्यांना गिऱ्हाईक नसे. नातवाच्या पिढीला तिथे ट्यूना असत हेच सांगावे लागते. आपल्या विहिरीचे पाणी कुठवर असे, हे गावातल्या म्हाताऱ्याला विचारून पाहा, म्हणजे हा लेख कळेल.

१९९८ साली त्यांनी दुसरी गोष्ट मांडली. समुद्रात खाणाऱ्यांची उतरंड असते. तळाला शेवाळ, त्यावर बारीक जीव, मग छोटे मासे, सर्वांत वर मोठे शिकारी मासे. माणसाने वरची मडकी आधी उचलली आणि आता तो खालच्यांना हात घालतो आहे. यावर वाद झाला. २०१० साली काही शास्त्रज्ञांनी दाखवले की पकडलेल्या माशांची सरासरी हे समुद्राच्या प्रकृतीचे नेमके माप नव्हे. अमेरिकेतले रे हिलबॉर्न म्हणत आले की जिथे बंदोबस्त नीट आहे तिथे मासे पुन्हा वाढतात. हा वाद आम्ही लपवत नाही. आकडे उघड्यावर मांडले होते, म्हणून तर ते तपासता आले.

आता मुख्य मुद्दा. २००१ साली पॉली आणि रेग वॉटसन यांनी दाखवले की चीनचे आकडे फुगवलेले असावेत, कारण तिथल्या अधिकाऱ्यांची बढती उत्पादनवाढीवर ठरे. ती सूज काढली की जगातली मासेमारी वाढत नसून १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून घटत होती.

दुसरीकडे खरा आकडा कागदावर येतच नव्हता. किनाऱ्यावर शिंपल्या वेचणारी बाई, होडीतून घरापुरते मासे आणणारा कोळी, मोठ्या जहाजांनी पकडून मेलेले परत फेकलेले मासे यांची नोंद कोण ठेवणार? माहिती नाही म्हणून रकाना रिकामा, आणि बेरजेत रिकामा रकाना शून्य होतो. पॉलींचे म्हणणे असे की शून्य हाही एक आकडा आहे आणि इथे तो हमखास चुकीचा आहे. त्यापेक्षा होड्या मोजा, घरोघरचे खाणे पाहा, जुने अहवाल काढा आणि विचारपूर्वक अंदाज करा. दोनशेहून अधिक देश-प्रदेशांचा असा हिशेब डर्क झेलर यांच्यासह त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेकडे १९९६ ची नोंद होती ८ कोटी ६० लाख टनांची. यांचा अंदाज निघाला १३ कोटी टन.

अन्न व शेती संघटनेने या हिशेबावर हरकती घेतल्या. पण २०२३ साली तिच्याच सहभागाने झालेल्या अभ्यासाने म्हटले की जगातली किमान ४० टक्के मासेमारी छोट्या मच्छीमारांची आहे. या अभ्यासात 'वर्ल्डफिश'ही होती. मनिलाला पॉली जिथे राबले, त्याच संस्थेचे हे आजचे नाव.

ज्याची मोजदाद नाही, त्याचा विचार धोरणात होत नाही. मच्छीमाराचे असेल तेच आपले. म्हणून या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात एक वही असावी, असे आम्ही सुचवतो. पावसाचे दिवस, पेऱ्याची तारीख, कापूस किती क्विंटल, ज्वारी किती, कडबा किती, विहिरीचे पाणी किती हात. घरी खाल्लेली ज्वारीसुद्धा लिहा, कारण ती बाजारात दिसत नाही. वही बायांच्याही हाती द्या. एखाद्या महिन्याचे मोजायचे राहिले तर रकाना तसाच ठेवा, शून्य लिहू नका. पुढच्या बैठकीला या वह्या घेऊन या. पैसेवारीचा कागद आला की दोन्ही शेजारी ठेवून वाचू.